चौतीस इंचांचा ओटा

अहमदाबादच्या आमच्या कॉलेजात इंटिरियर डिझाइनची मुलं पहिल्या वर्षी माणसं मोजतात, दुसऱ्या वर्षी फर्निचर मोजतात आणि शेवटच्या वर्षापर्यंत माणसं विसरतात. ह्याला आम्ही अभ्यासक्रम म्हणतो. एकोणीस वर्षं तो मीच शिकवतोय.

हेत्वी पांचाल विसरली नाही, म्हणून अडकली. अंतिम परीक्षेला तिनं आजीसाठी, म्हणजे तिच्या बासाठी, स्वयंपाकघर आखलं होतं, ओटा एकोणतीस इंचांचा. नापास म्हणजे अख्खं वर्ष पुन्हा. परीक्षक दोघं: कॉलेजातर्फे मी आणि बाहेरून आलेले कौशल मुनशॉ. मुनशॉ नकाशावर जेमतेम वाकले.

“ओटा चौतीसचा असतो. पुस्तकात आहे.”

“माझी बा पुस्तकात नाही, सर. ती चार फूट सात इंच आहे.”

“मग पाटावर उभी राहील.”

हेत्वीचे वडील सुतार. बापलेकीनं प्लायवूडचे दोन ओटे ठोकून आणले होते, एक चौतीसचा, एक एकोणतीसचा. कणीकही मळून आणलेली. तिनं लाटणं मुनशॉंच्या हातात दिलं.

“आमच्याकडे स्वयंपाकाला महाराज येतो,” ते म्हणाले. लाटणं त्यांनी हवालदाराच्या दंडुक्यासारखं धरलं होतं.

मग तिनं झाडलोट करणाऱ्या, बाच्याच उंचीच्या कमुबेनना बोलावलं. चौतीसवर त्यांचे खांदे कानांपाशी, टाचा हवेत आणि रोटलीचा सौराष्ट्र झाला. एकोणतीसवर रोटली गोल.

“बेटा, परीक्षा झाली की हा ओटा मी घरी नेऊ?” कमुबेननी विचारलं.

मुनशॉंनी निकालपत्रावर ‘नापास’ लिहून ते माझ्याकडे सरकवलं. “करा सही, किरीटभाई. आता काय आज्यांना विचारून घरं आखायची?”

माझी बायको रंजन एकवीस वर्षं पाटावर उभी राहून स्वयंपाक करते. दोनदा घसरून पडली. दोन्ही वेळा मी तिला नीट उभं राहायला सांगितलं. ओटा मीच आखला होता.

सही दोघांची लागते. मी केली नाही. असहमतीचं कारण लिहायला एक रकाना असतो, आजवर कोराच सोडलेला. त्यात लिहिलं: ‘विद्यार्थिनी उत्तीर्ण. दोन्ही परीक्षक नापास. त्यांनी पहिल्या वर्षाला पुन्हा बसावे.’

मुनशॉंनी वाचलं. “स्वतःलाही धरलंत?”

“मला आधी धरलंय.”

निकाल आता तिसऱ्या परीक्षकाकडे जाणार. मी हेत्वीला तसं सांगितलं. ती ओट्यावरची कणीक खरवडत होती, मान वर न करता म्हणाली, “त्यांची उंची किती आहे, सर?”