परातीतला संत

लानहेवीनमध्ये जोन्स इतके, की भर बाजारात दगड भिरकावला तर तो एखाद्या जोन्सलाच लागायचा. त्यामुळे आडनावाला तिथे कुणी हिंग लावून विचारत नाही. पाव भाजतो तो एमलिन पाव, टपाल वाटते ती ग्वेनो टपाल, आणि एकदाच प्रवचनात घोरला बिचारा, तर जन्माचा इदवाल घोरू. टोपणनाव मिळालं की माणूस गावचा.

एलुनेड जोन्सला ते मिळत नव्हतं. जन्म इथला, आईही इथल्याच मातीत. पण तीस वर्षं ब्रिस्टलला काढून परतली, तर दीड वर्षानंतरही ती आपली 'ब्रिस्टलची बाई'. दुकानात शिरली की बोलणी थांबायची. तिला ते फार लागायचं.

दर जूनमध्ये संत हेवीन गोल होडीतून किनाऱ्याला लागतो. चौदाशे वर्षांपूर्वी तो खरोखरचा आला, त्याने मठ बांधला. आता झगा घालून एमलिन येतो. यंदा एमलिनचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"मी जाते," एलुनेड म्हणाली.

"जमेल का गं?" ग्वेनो म्हणाली. "होडी कसली, चामड्याची परात ती. वल्हं समोर धरून पाण्यात आठाचा आकडा काढायचा असतो."

"आठ मला पहिलीपासून येतो."

पहिल्याच लाटेला ती आठ विसरली. उजवीकडून वल्हं मारलं, परात गरकन फिरली. डावीकडून मारलं, उलटी फिरली. बंदराचा धक्का, चर्च, समुद्र. धक्का, चर्च, समुद्र. काठावर गायकांनी स्वागताचं स्तोत्र सात वेळा म्हटलं, तरी संत आपले गिरक्याच घेत होते. शेवटी भरतीनेच कंटाळून तिला वाळूवर आणून टाकलं. ती झोकांड्या खात उठली, हात उंचावला आणि गावाकडे पाठ करून समुद्राला आशीर्वाद दिला.

झालं, आता बोचकं बांधायचं, तिच्या मनात आलं.

"अरे, त्या एलुनेड भिंगरीला धरा कुणीतरी," एमलिन कुबडीवरून ओरडला, "नाहीतर परत जाईल पाण्यात."

सगळे खो खो हसत सुटले. 'भिंगरी, इकडे बघ', 'भिंगरी, चहा घे', ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. एलुनेड मटकन वाळूत बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

"लागलं का गं कुठे?" ग्वेनो धावत आली.

"नाही गं," ती नाक पुसत म्हणाली. "मला काय म्हणाला तो? परत एकदा म्हणायला सांग."