वेळेवर थांबले, तेच चुकलं

हो, मीच बोलतेय. व्हर्नाबाईंच्या तळघरातली, वरून झाकण उघडणारी कपडे धुण्याची मशीन. सात वर्षं झाली इथे येऊन, पण टोमणे पहिल्या दिवसापासून खातेय. "आधीची एकतीस वर्षं चालली. हल्लीच्या मशिनी म्हणजे नुसतं प्लॅस्टिक!" वर, "एवढ्याशा पाण्यात कधी कपडे निघतात का?" म्हणत बादलीभर पाणी ओतायच्या. मी मुकाट्याने गिळायचे.

मग त्यांच्या नवऱ्याला, ऑरिनना, अर्धांगवायू झाला आणि रोज चादरी येऊ लागल्या. त्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा गोठवणारा हिवाळा. बाई ओझं घेऊन धापा टाकत पायऱ्या उतरायच्या.

गेल्या महिन्यात शेगडीवर भांडं जळलं. मग बाईंनी ऑरिनना गोळ्या चुकून दोनदा दिल्या. मुलगा कर्टिस मिल्वॉकीहून आला तो ठरवूनच. "रविवारपर्यंत बघतो, आई. तुला झेपलं नाही, तर बाबांना शुश्रूषागृहात ठेवायचं."

रविवारी सकाळी बाईंनी माझ्यात ढीग कोंबला. हळूच म्हणाल्या, "तो वर कॉफी पितोय. आज तेवढी माझी लाज राख, बये."

धुणं झालं. पिळायला फिरू लागले आणि लक्षात आलं. कपड्यांत मेणकापडाची चादर! तिच्यात पाणी अडकलं, टब कलला. धाड! धाड! तशीच फिरले असते तर टब तोलणारे आतले दांडे तुटले असते. थांबले. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा फिरले. पुन्हा धाड! तिसऱ्यांदा थांबले आणि शिट्या वाजवू लागले. त्या माझ्या हातात नसतात हो!

कर्टिस धावत खाली आला.

"गेली बघ!" बाई घाईने म्हणाल्या. "म्हणतच होते मी!"

त्याने आत हात घालून मेणकापड ओढलं. भळभळा पाणी सांडलं. "मशीन ठणठणीत आहे, आई. वेळेवर थांबली. मेणकापड यात घालू नकोस म्हणून झाकणावर लिहून चिकटवलंय ना मी?"

बाईंनी कागद वाचला. "हे कधी लावलंस?"

"नाताळात. रोज तुझ्या डोळ्यांसमोर आहे."

बाई खालच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवारी ऑरिनना शुश्रूषागृहात नेलं. आता आठवड्याला चार कपडे येतात, फक्त बाईंचे. नवी मशीन घेताना लोक विचारतात, टिकेल ना? मी टिकलेय की! पण त्या दिवशी मोडले असते, सगळा दोष माझ्यावर आला असता, तर ऑरिन अजून वरच्या खोलीत असते. मोडता आलं नाही हो मला. बाई, माफ करा.