खिडकीवरची कॅमेलिया

मी एक जुनी कात्री आहे. कापड कापायची नव्हे, झाडं छाटायची. मिन्यू प्रांतातल्या एका लोहाराने मला घडवलं. एक पातं वाकडं आणि धारदार, दुसरं जाड, मध्ये स्प्रिंग. बस्स, एवढाच माझा देह.

मित्रांनो, जत्रेत मला उचललं ते आदेलीनु नावाच्या गवंड्याने. तो नुकताच घरजावई झाला होता. सासूच्या अंगणात, शेजारच्या भिंतीला लागून, कॅमेलियाचं मोठं झुडूप होतं. बारा महिने हिरवंगार, पानं जणू तेलाने पुसलेली. भर थंडीत, द्राक्षाच्या वेली नुसत्या काटक्या होऊन उभ्या असताना, हे झुडूप फुलायचं. पांढरी फुलं, आणि पाकळीवर कुठेतरी गुलाबी रेघ.

सासूबाईंनीच जावयाला छाटणी शिकवली. शेवटची फुलं गळाली की लगेच कात्री घ्यायची. उन्हाळा सरल्यावर मात्र हात लावायचा नाही, कारण तोवर पुढच्या कळ्या पानांआड येऊन बसलेल्या असतात. आधी वाळलेलं काढायचं, मग एकमेकींना घासणाऱ्या फांद्या. फांद्यांमधून पाखरू उडून गेलं पाहिजे, पंख न लागता. त्या बोलत, आदेलीनु कापे, आणि त्यांची मुलगी देओलिंदा टोपली धरून उभी असे.

ती वर्षं फार सुखाची होती. ईस्टरला पाद्रीबाबा क्रूस घेऊन घरोघर येत, तेव्हा आमच्या दारात पाकळ्यांचा गालिचा असे. लोक म्हणत, "आदेलीनुचा हात लागला की झाड हसतं." ते ऐकून तो मला सदऱ्याला पुसून खिशात ठेवी. सासूबाई गेल्या, तरी त्याने मला दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. एकदा देओलिंदाने मला उचललं, तर म्हणाला, "ठेव ती खाली. तू छाटणार, की बटाटे सोलणार?"

मग एके दिवशी तो कामावर परांची कोसळून पडला. जीव वाचला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. अंगणाच्या कोपऱ्यातल्या खोपटात त्याने मला खिळ्याला अडकवलं आणि दार ओढून घेतलं. मी गंजू लागले. कॅमेलिया मात्र वाढतच राहिली. भिंत ओलांडून ती शेजारच्या कुश्तोदियाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर जाऊन बसली.

भांडण मला खोपटात ऐकू येई.

"देओलिंदाबाई, मासे साफ करायला भर दुपारी दिवा लावते मी! आता ही तुमची राणी माझ्या चुलीत शिरायचीच बाकी आहे!"

"मासे खाणं कमी करा," आदेलीनु आतून ओरडे. "उजेडही कमी लागेल!"

"हसा, हसा! ईस्टर होऊ दे. माझा जावई यंत्राची करवत घेऊन येतोय. भिंतीच्या अलीकडचं सगळं सपाट करून टाकते!"

ही नुसती धमकी नव्हती. एका बाजूने उभं चिरलं असतं, तर देओलिंदाच्या आईच्या हातचं ते झुडूप अर्धं बोडकं झालं असतं. जुन्या उघड्या लाकडाला पुन्हा पालवी फुटायला वर्षं लागतात, कधी फुटतही नाही. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी देओलिंदाने खोपटाचं दार उघडलं, मला खाली काढलं, चुलीतल्या राखेने घासलं, ऑलिव्हचं तेल लावलं. किती दिवसांनी माझी पाती मोकळी उघडली! मी आनंदाने कुरकुरलेच.

ती शिडीवर चढली. पहिली फांदी पडताच आदेलीनु अंगणात आला.

"खाली उतर! कुणाला विचारून हात लावलास?"

"कुणाला विचारू? झाड माझ्या आईचं."

"तुला येतं का काही?"

"तुला आईनेच शिकवलं ना? मग तिथे टोपली धरून कोण उभं होतं? मला काय कान नव्हते?"

आदेलीनु पायरीवर बसून तिचे हात पाहू लागला. ती घाईत नव्हती. प्रत्येक काप बाहेर पाहणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे अंकुराच्या, जरा वर, खुंट न ठेवता. थोड्या वेळाने तो डाव्या हाताने दाखवू लागला, "ती नको. तिच्या मागची. हां."

शेवटी खिडकीवर गेलेली ती जाड फांदी राहिली. तिच्यावरच सगळ्यांत सुंदर फुलं येत. देओलिंदाने दात-ओठ खाऊन मला तिच्यावर दाबलं. मित्रांनो, तेवढी ताकद माझ्यात नाही. माझं पातं वळलं आणि धारेला खाच पडली.

"थांब, बाई, थांब! कात्री मोडशील," आदेलीनु उठला. मला वाटलं, आता ही फांदी तो वाचवणार. पण तो खोपटात गेला आणि हातकरवत घेऊन आला. ती तिच्याकडे देत हळूच म्हणाला, "आधी खालून थोडं काप, मग वरून. नाहीतर साल सोलवटेल."

संध्याकाळी शेजारचा जावई यंत्राची करवत घेऊन आला. कुश्तोदियाबाई स्वयंपाकघरात, उन्हाने भरलेल्या ओट्यापाशी उभ्या होत्या. "आता काय कापतोस?" त्या त्याच्यावरच खेकसल्या. "आणलीच आहेस करवत, तर माझं सरपण फोडून जा."

पुढच्या थंडीत फुलं थोडी कमी आली, पण चांगली बशीएवढी. त्यानंतर दर वसंतात देओलिंदाच मला हाती घेते. गेल्या वर्षी ती शिडीवर असताना शेजारची खिडकी उघडली.

"देओलिंदाबाई, इकडे एक बारकी फांदी येऊ द्या ना. भांडी घासताना फूल दिसलं की बरं वाटतं."

आदेलीनु इतका हसला की त्याला खोकला आला. देओलिंदाने एक कोवळी फांदी भिंतीकडे वळवून सैलसर बांधली.

मित्रांनो, काम झालं की आम्हा हत्यारांना पुसा, तेलाचा थेंब द्या, ओलं टाकू नका. आणि आणखी एक मागणं. हात धड आहे तोवरच आम्हाला दुसऱ्याच्या हाती देऊन बघा. जवळ उभं राहून "ती नको, तिच्या मागची" म्हणण्यातही मोठं सुख असतं. आदेलीनुला विचारा.