ड्यूटीच्या दिवसांची गोळी

आमचे हे बस चालवतात. रोज पहाटे निघताना मी त्यांच्या हातावर एक गोळी ठेवते. साखर बारा वर्षांची जुनी. आता लघवीतून प्रोटीन जातंय, म्हणून किडनी वाचवायला ही नवी गोळी. "डेपोत चहाबरोबर घेतो," म्हणत हे ती खिशात टाकतात. सहा महिने मी विश्वास ठेवला. काल शर्ट धुवायला काढला, तर खिशात कागदाची पुडी आणि पुडीत आठ गोळ्या.

आज दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी तीनदा पाणी पिऊन आले. तहान नव्हती, बसवत नव्हतं.

"अहो, पुडीचं आत सांगणार ना?"

"हळू बोल. ती घेतली की सारखं जावं लागतं. चार तासांची फेरी, मागे पन्नास माणसं. बस कुठे उभी करू?"

"म्हणजे घेतच नाही?"

"सुट्टीच्या दिवशी घेतो की. इमानेइतबारे."

"किडनी काय सुट्टीच्या दिवशीच चालते?"

"तू आत गप्प बस. किडनीचं डेपोत कळलं तर गाडीवरून उतरवून टेबलाला बसवतील मला."

आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या लेकीएवढ्या. रिपोर्ट बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "प्रोटीन वाढलंय, काका. गोळ्या रोज घेता ना?"

"घेतो की."

"मग एकीने भागत नाहीये. दुसरी जोडू या. तिने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून महिन्याभरात रक्त तपासावं लागेल."

पेन कागदावर टेकलं. माझा पाय टेबलाखाली शिलाई मशीनसारखा चालला होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं; हे भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे. सव्वीस वर्षांत चारचौघांत मी ह्यांना खोटं पाडलं नव्हतं. घरात पाडते, त्याची गोष्ट वेगळी. पण न घेतलेल्या गोळीच्या नावाने दुसरी पोटात जाणार, हे काही मला बघवेना.

"थांबा, डॉक्टर. पहिलीच ह्यांच्या पोटात गेलेली नाही. आठवड्यातून एकदा जाते. बाकीच्या शर्टाने घेतल्या."

ह्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता बाई फैलावर घेतील. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली आणि विचारलं, "बस वाटेत थांबवता येत नाही म्हणून?"

ह्यांनी हळूच मान हलवली.

"ती सकाळीच घ्यायला हवी असं नाही. घरी आल्यावर घ्या. सुरुवातीचे दिवस जास्त जावं लागेल, तेव्हा रजा काढा. आणि पाणी तोडू नका. तीन महिने रोज घ्या, मग दुसरीचं बघू."

बाहेर आलो. हे पुढे, मी मागे.

"अब्रू घालवलीस माझी."

"घालवली. किडनी राहू दे, अब्रू पुन्हा कमवाल."

कोपऱ्यावर हे थांबले. फोन काढून डेपोतल्या साहेबांना लावला. मी दोन पावलं दूर उभी राहिले, पण कान तिकडेच.

"साहेब, उद्यापासून आठ दिवस रजा हवी होती. नाही, मी ठणठणीत आहे. बायकोची तब्येत. किडनीचं निघालंय तिला."

मी तोंड उघडलं. ह्यांनी हात जोडले, भर रस्त्यात. मग मी जरा वाकून, कमरेवर हात ठेवून चालायला लागले.