रिलीव्हर

बॉयलरमधली पाण्याची पातळी खाली सरकली तसा त्याने व्हॉल्व्ह किंचित उघडला आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचा फोन उचलला. पलीकडे ताई रडत होती.

"बाबा सारखं तुझंच नाव घेतायत रे. डॉक्टर म्हणाले, आता काही खरं नाही. निघालास का?"

"रिलीव्हर येऊ दे, निघतो."

रिफायनरीला कच्चं तेल लागतं हे शेंबडं पोरही सांगेल. पाणी लागतं, वीज लागते. पण वाफ थांबली की तो सगळा डोलारा भंगारात जमा, आणि वाफेसाठी या खुर्चीवर एक माणूस लागतो. दुसरा, म्हणजे रिलीव्हर, येऊन बसेपर्यंत पहिल्याने उठायचं नाही, मग घरी आभाळ का कोसळेना.

दार ढकलून पैलवान आत आला. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून पैलवान. पुढची शिफ्ट त्याचीच; तिला अजून अवकाश होता, पण निरोप कळताच तो भरल्या ताटावरून उठला होता.

"ऊठ, पळ. गेटवर गाडी उभी केलीय."

"बसा काका. जरा दम खा."

"दम कसला खायचा? बाप चाललाय तुझा!"

त्याने पैलवानाला चहा ओतून दिला. स्वतः उठला नाही. पैलवान कप धरून त्याच्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

बाबांनीही याच खुर्चीवर उभा जन्म काढला होता. आई गेली त्या दुपारी शेजाऱ्यांनी फोनवर फोन केले, आणि बाबा दर वेळी सांगत राहिले, रिलीव्हर आला नाही. आई दाराकडे डोळे लावून गेली. पोरांनी बापाला कधी बोल लावला नाही, नोकरीच तशी. खरं काय ते गेल्या वर्षी पैलवानाच्याच तोंडून निसटलं. त्या दुपारचा रिलीव्हर तोच होता. वेळेआधी येऊन बाबांच्या शेजारी बसला होता. वाजणाऱ्या फोनकडे बघत बाबा म्हणाले होते, "कटकट संपली की जाईन."

हे कळल्यापासून तो बापाचा मनापासून द्वेष करत होता आणि न चुकता त्यांची औषधं आणत होता.

फोन पुन्हा वाजला.

"ताई, बाबांच्या कानाशी धर."

"नको रे, पोरा," पैलवान पुटपुटला.

पलीकडे घरघरणारा श्वास ऐकू आला.

"बाबा, रिलीव्हर आलाय. पैलवानकाका. केव्हाचे शेजारी बसलेत." तो थांबला. आवाज अगदी मऊ होता. "कटकट संपली की येतो."

श्वास अडखळला. मग ताई फोनवर आली.

"काय बोललास रे? त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं."

"काही नाही," तो म्हणाला. "येतो म्हणालो."