मुलीकडची पंगत

वर्षालीला सुट्टी मिळाली, ती कुणालाच नको होती म्हणून.

कॅनडातल्या एका मध्यम शहरात ती सिटी बस चालवते. त्या शहराचं नाव तिच्या आईच्या, शेवंताबाईंच्या, जिभेवर कधी नीट बसलं नाही, म्हणून अमरावतीच्या त्यांच्या घरात त्याला ‘पोरीचं गाव’ म्हणतात. तिथल्या डेपोत सुट्ट्या निवडायच्या त्या नोकरीच्या जुनेपणाप्रमाणे. जुन्या ड्रायव्हरांनी उन्हाळा नेला, नाताळ नेला, शाळांच्या सुट्ट्यांचे आठवडे नेले. वर्षाली नवी. तिची पाळी आली तेव्हा नोव्हेंबर उरला होता. तेव्हा तिथं दिवसही नीट उजाडत नाही आणि रस्ते बर्फानं निसरडे झालेले असतात. हा महिना कोण मागणार?

पण इकडे तो कार्तिक होता.

“बाबा, कार्तिक भेटला मले!” ती फोनवर ओरडली. “कौंडण्यपूरच्या जत्रेले येतो मी!”

नत्थुजींनी फोन कपाळाला लावला आणि तसाच बायकोच्या हातात दिला. त्यांचं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये गेलं, पण कुणी विचारलं तर ते स्वतःला टाळकरी म्हणायचे. कीर्तनात महाराजांच्या मागं उभं राहून टाळ धरायचा, यापलीकडे त्यांना देवाकडं काही मागायचं नव्हतं. लहानपणी वर्षाली त्यांच्यासोबत यायची आणि उत्तररात्री सतरंजीवर झोपून जायची. शिकायला कॅनडात गेली तेव्हापासून ती एकदाही घरी आली नव्हती. आधी शिक्षण, मग कागदपत्रं, मग नवी नोकरी.

तिचं काम दोघांना फोनवरून पाठ झालं होतं. म्हातारं माणूस दारात आलं की तिची बस एका बाजूनं खाली झुकते, हे ऐकून नत्थुजी चाट पडले होते.

“म्हंजे गाडीच पाया पडते म्हना की!”

“आन उतरताना सारे मले थँक्यू म्हनतात, बाबा.”

“आपल्याकडे उतरताना शिव्या देतात,” शेवंताबाई म्हणाल्या. “ते बी कंडक्टरले. तुह्या गाडीत तर कंडक्टरच नाई.”

तिकीट काढून झालं. शेवंताबाईंनी ज्वारीचे पापड घातले, गादीचा कापूस पिंजून घेतला. येणारी फक्त एका हप्त्यासाठी येणार होती, पण गल्लीत त्यांनी असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी कायमची येते.

मग दसऱ्यानंतर एका सकाळी फोन आला. तिकडे आदली संध्याकाळ होती. वर्षाली डेपोच्या चहाच्या खोलीत बसली होती, अंगात निळं जाकीट.

“आई, एक विचारू? रागावजो नको.”

“म्हंजे रागावन्यासारखंच हाय.”

तिच्याबरोबर तिगिस्त नावाची इथिओपियाची बाई गाडी चालवायची. नवीन असताना बर्फात बस कशी हळू वळवायची ते तिनंच वर्षालीला शिकवलं होतं. तिकडे इथिओपियात तिच्या वडिलांना विसर पडायला लागला होता. गेल्या महिन्यात ते मुलाचं नाव विसरले. मुलीचं नाव अजून घेत होते. तिगिस्तची सुट्टी होती जुलैत.

“ते म्हनते, तुहा नोव्हेंबर मले देशीन का, माहा जुलै तू घे. मी हो म्हटलं नाई. नाई बी म्हटलं नाई. तुमी सांगसाल तसं.”

नत्थुजी काही बोलायच्या आत शेवंताबाई बोलल्या. “नाई. तिचा बाप तिनं पाहावा. माही पोरगी मी पाहीन. तुहा बाप का जवान होऊन राहिला?”

“अवो, जरा ऐकून तर घे...”

“तुमी कीर्तनं ऐका. हे मले कळते.”

फोन बंद झाला. खरं सांगायचं तर नत्थुजींनाही ‘नाही’च म्हणायचं होतं. ते आपल्याऐवजी बायको म्हणाली, याचं त्यांना बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटत होती.

त्या संध्याकाळी वलगावात सप्ता होता, रुक्मिणीच्या स्वयंवराचं कीर्तन. हे कीर्तन दुसरीकडे कुठंही करा, रथ निघाला की लोक टाळ्या वाजवतात. वऱ्हाडात तसं होत नाही. रुक्मिणी कौंडण्यपूरची, म्हणजे आपली. इथं ऐकणारे सगळे मुलीकडचे. महाराजांनी रथ हाकला, घोड्यांच्या टापा मृदंगावर वाजू लागल्या, आणि मंडपातल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. पोरगी गेली. तिला धड कुणी वाटेवर पोचवायलाही नव्हतं. नत्थुजींचा टाळ एका ठिकाणी चुकला. महाराजांनी मागं वळून पाहिलं.

आणि त्यानंतरच्या महाप्रसादाचीही इथं एक रीत आहे. या एका कीर्तनाला गावची माणसं पहिल्या पंगतीला बसत नाहीत. बाहेरगावचे आधी, कारण ते पाहुणे. आपण मुलीकडचे, आपण वाढायचं आणि मागून बसायचं. कधी शेवटच्या पंगतीला वरण उरतं, बुंदी उरत नाही. याचं कुणी वाईट वाटून घेत नाही, उलट मिरवतात.

टाळकऱ्याची बायको म्हणून शेवंताबाई गावच्याच धरल्या जायच्या; त्या बुंदीची बादली घेऊन वाढत होत्या. अंजनगावकडची एक म्हातारी पानावर बसली होती. तिनं शेवंताबाईंचा हात धरला.

“बाई, तुमी बी बसा ना आता. केव्हाच्या वाकून राहिल्या.”

“आमी मुलीकडचे, माय,” शेवंताबाई सवयीनं म्हणाल्या. “आमची मांगून.”

म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या. पुढच्या पानावरच्या माणसानं दोनदा “वाढा” म्हटलं, तरी त्यांचा हात बादलीतून वर येईना.

दुसऱ्या सकाळी शेवंताबाईंनी स्वतःच नत्थुजींना फोन लावायला सांगितला.

“थे बाई हाय का तिथं? दे तिले.”

पडद्यावर तिगिस्त आली. रुंद कपाळ, थकलेले डोळे, तेच निळं जाकीट. बिचारी उभीच राहिली, मास्तरांपुढं राहावं तशी.

“तुह्या बापाचं नाव काय?” शेवंताबाईंनी विचारलं. वर्षालीनं इंग्रजीत सांगितलं.

“अबेबे,” तिगिस्त म्हणाली.

“जाय बापा, अबेबेले भेटून ये. पहिले तू जाय. आमची पंगत मांगून हाय.”

वर्षालीला हे इंग्रजीत कसं सांगावं ते सुचेना. पण तिगिस्तला कळलं असावं, कारण तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“आई,” वर्षालीचा आवाज आला, “मी बी आता रडीन, आन मले गाडी काढाची हाय.”

“रडू नको. काचंवर धुकं येते म्हनत होती ना? समोर पाह्य.”

फोन ठेवला आणि त्या पापडांच्या डब्याजवळ जाऊन बसल्या. नत्थुजी दारात उभे राहिले.

“जुलैत पापड सादळतात,” त्या म्हणाल्या. “पुन्यांदा करा लागतीन.” आणि मग मात्र त्यांना राहवलं नाही.

कार्तिकात दोघंच एसटीनं कौंडण्यपूरला गेले. वर्धा नदीच्या काठी जत्रा फुलली होती. कीर्तन तेच, महाराज तेच. रथ निघाला. बायांनी पदर लावले, शेवंताबाईंनी लावला नाही. कीर्तन संपल्यावर त्यांनी नत्थुजींना गाठलं.

“मले एक सांगा. रुक्मिनी माहेराले परत आली होती का वो कधी?”

नत्थुजींनी आठवून पाहिलं. इतकी कीर्तनं ऐकली, पण रथ नेहमी जातानाच पाहिला होता.

“मले नाई ठाऊक.”

“मंग महाराजाले विचारा. तुमचं ऐकतात थे.”

महाराज वीणा उतरवून घाम पुसत होते. नत्थुजींनी पाय धरले आणि विचारलं. महाराज हसले नाहीत.

“नत्थुजी,” ते म्हणाले, “आपलं कीर्तन अजून तिथपावतर गेलंच नाई.”

शेवंताबाई शेवटच्या पंगतीत पान मांडून बसल्या होत्या. नत्थुजी शेजारी टेकले आणि महाराजांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. शेवंताबाईंनी भाताचा घास कालवला.

“मंग त्याहीले म्हना, कीर्तन हळूहळू नेवा,” त्या म्हणाल्या. “जुलैपावतर पुरलं पाह्यजे.”