धवल्यात घेतलेलं नाव

आपला मुलगा मेला हे ठमाबाईला आठवत नव्हतं, आणि नातीच्या लग्नात धवला तीच गाणार होती. तिची सून तुळसा सकाळपासून तिच्याच मागेमागे फिरत होती.

दिवा गावातल्या आगरी घरांत लग्न लागे ते धवल्याने, लग्नाच्या गाण्याने. धवलारीण एक ओळ गाणार, भोवतालच्या बायका तीच ओळ झेलणार, आणि तसतसे विधी पुढे सरकणार. ओळ कुणी झेललीच नाही तर धवला तुटला, आणि तुटलेल्या धवल्याची सून कुणी सुखाने घरात घेत नसे. त्यात कल्याणची ही वरमाय, हौसाबाई, शिंक आली तरी अपशकुन शोधणारी.

व्याह्यांनी धवल्याऐवजी ठाण्याहून फोनो आणि भोंगा आणून गाणी लावतो म्हटलं, तेव्हा तुळसाला हायसं वाटलं होतं. पण पोरगीच अडून बसली. "आजीचा धवला नाय, त मी पाटावर बसाची नाय!" वासंती म्हातारीच्या मांडीवर धवले ऐकतच वाढलेली. मिठागरावर दोघी मीठ ओढायच्या तेसुद्धा गात. तुळसाला मेलीला सूर कधी लागला नाही. त्या दोघी गायला लागल्या की ती आपल्याच घरात पाहुणी होई, आणि त्याचा तिला रागही येई.

धोक्याची जागा एकच होती. मांडवात उभ्या असलेल्यांची नावं घेताना नवरीच्या बापाचं नाव येतं. वासंतीचा बाप रघु दोन वर्षांपूर्वी खाडीत बुडाला होता. त्याच्या जागी चुलता काळुराम उभा राहणार होता, आणि मेलेल्याचं नाव धवल्यात घेत नाहीत. वासंतीने महिनाभर आजीकडून घोकून घेतलं होतं, "काळुराम, आजे, काळुराम." "येडी समजतंस का मना?" म्हातारी खेकसायची.

तुळसा विधवा, म्हणून मांडवाबाहेर कुडाला टेकून उभी होती. आत ठमाबाईचा आवाज चढला.

"मांडवान उभा कोन गो..."

बायकांनी ओळ झेलली. काळुराम म्हण, आये, एवढं एक काळुराम म्हण, तुळसा मनात विनवत होती.

"उभा नवरीचा बाप, माजा रघु गो..."

कुणीच झेललं नाही. बायका एकमेकींची तोंडं बघू लागल्या. हौसाबाई ताडकन उठली. "उत्तम, ऊठ पाटावरशी," ती मुलाला म्हणाली. नवरीने आपल्या धवल्यात तोंड उघडायचं नसतं. वासंतीने डोळे मिटून घेतले. म्हातारी मात्र हसऱ्या तोंडाने थांबली होती. ओळ कुणी का घेत नाही, हे तिला कळत नव्हतं.

अठरा वर्षांच्या संसारात तुळसाने नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. त्याला खाडीतून काढला तेव्हासुद्धा तिने 'अवो, अवो' म्हणूनच टाहो फोडला होता.

ती मांडवात शिरली, सासूच्या शेजारी बसली आणि बेसूर, फाटक्या आवाजात ओरडल्यासारखी गायली, "उभा नवरीचा बाप, माजा रघु गो..."

हौसाबाई तशीच उभी होती. उत्तम काही पाटावरून उठला नाही.

ठमाबाईने कपाळाला आठ्या घातल्या. "सूर चुकला गो," ती सुनेला म्हणाली. "परत बोल."

तुळसाने परत त्याचं नाव घेतलं. या वेळी पाटावरून नवरीही गात होती.